मांद्रेकरबाबांवरचा दावा

३ फेब्रुवारी २०२५

आईचं म्हणणं, माझं तोंड फार चालतं. त्यातलं निम्मं कागदावर उतरलं तर निम्मी डिचोली सुखाने झोपेल. म्हणून तिने ही डायरी माझ्या हातात ठेवली. ठेवली तर ठेवली. आजपासूनच लिहिते, कारण आज जे ऐकलं ते कोर्टाच्या आवारात बोलायची सोय नाही.

दुपारी वत्सला गवस माझ्या खोलीवर आल्या. खोली म्हणजे बाजारातल्या पोदेराच्या भट्टीवरची बारकी जागा. खालून पावाचा वास येतो, त्यामुळे माझ्या अशिलांना आधी भूक लागते आणि मग न्याय हवासा वाटतो. वत्सलाबाई मूळच्या दोडामार्गाकडच्या. नवरा मधुकर पाळीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी जोरात होत्या तेव्हा त्याने लाटंबार्शात जमिनीचा तुकडा घेऊन घर बांधलं. आता तो नाही. बाई घरी डबे करतात, डिचोलीच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी. डब्यांचा टेम्पो थेट दारात यायचा, शेजारच्या मळीकांच्या काजूच्या बागेतून. मळीक वारले आणि त्यांच्या मुलाने, गौरेशने, त्या वाटेवर लोखंडी गेट घालून कुलूप लावलं. तेव्हापासून बाई डबे डोक्यावर घेऊन व्हाळाच्या बांधावरून रस्त्यावर आणतात. पावसाळ्यात तो बांध पाण्याखाली जातो. म्हणजे जूनच्या आत वाट उघडली नाही तर डबे बंद, आणि डबे बंद झाले तर घर विकून भावाच्या दारात.

त्यांनी दावा लावला होता. वकील होते पेडण्याचे गुरुदास मांद्रेकर. अख्खी पेडणे-डिचोली त्यांना मांद्रेकरबाब म्हणते. गेल्या नोव्हेंबरात गौरेशच्या आईची, चंद्रावतीबाईंची, उलटतपासणी चालू होती. बाब मध्येच थांबले आणि कोर्टाला म्हणाले, "बाईंनी गावच्या सातेरीच्या देवळात नारळावर हात ठेवून सांगावं, की त्यांच्या नवऱ्याने मधुकर गवसांना वाट दिली नव्हती. त्यांनी तसं सांगितलं, तर आम्ही दावा सोडतो."

समोरच्यांनी हे आनंदाने कबूल केलं. कोर्टाने एक कमिशनर देवळात पाठवला. म्हातारीने नारळावर हात ठेवला आणि म्हणाली, "म्हज्या घोवान वाट दिवंक ना." दावा संपला.

"तुम्हांला न विचारता?" मी विचारलं.

"माका कोणी इचारूकच नाय. वकील बोलत होते, मी कशी मदी बोलतलंय?"

म्हाताऱ्याने दुसऱ्याची वाट नारळावर लावली! असल्या वकिलावर दावा लावायला डिचोलीत कुणी वकील तयार नाही. सगळ्यांनी बाईंना चहा पाजून परत पाठवलं. मी चहासुद्धा पाजला नाही, सरळ वकीलपत्रावर सही घेतली.

५ फेब्रुवारी

जुनी फाईल मागायला पेडण्याला गेले. भांडणाची पूर्ण तयारी करून गेले होते. बसमध्ये मनातल्या मनात चार कलमं पाठ केली.

मांद्रेकरबाब बाहेर सोप्यावर बसले होते. अंगात बनियन, मांडीवर बाजाची पेटी, एका सुराची पट्टी अडकलेली आणि ते ती चिमट्याने उचकटत होते. मागे दोरीवर काळा कोट वाळत होता.

"येय गो बाय. च्या घेतली मगो?"

मी म्हटलं, चहा नको, वत्सला गवसांची फाईल हवी, आणि तुमच्यावर हलगर्जीपणाची नोटीस येणार आहे.

त्यांनी पेटी बाजूला ठेवली, आत गेले आणि फाईल घेऊन आले. सगळे कागद नीट लावलेले. वर त्यांनी नव्या वकिलाला 'हरकत नाही' असं लिहून सहीही करून ठेवली होती, आजची तारीख घालून. मी येणार हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

"नोटीस मराठीत धाड," ते म्हणाले. "इंग्लिशीत धाडली तर शेजाऱ्यांनी वाचायची कशी?"

माझी चारही कलमं वाया गेली. चहा मात्र प्यायला लागला.

११ फेब्रुवारी

आज नाक कापलं गेलं. ग्राहक आयोगात तक्रार टाकायला पणजीला गेले, तर तिथल्या कारकुनाने तक्रार वाचायच्या आधीच मान हलवली. सर्वोच्च न्यायालयाने गेल्याच वर्षी सांगून टाकलंय की वकिलाचं काम ग्राहक कायद्यात बसत नाही. हा निकाल मी वाचला होता! रागाच्या भरात विसरले. डॉक्टर चुकला तर त्याच्यावर जाता येतं, फ्रिज दुरुस्त करणारा चुकला तर जाता येतं, फक्त आमची जात तेवढी सोवळी.

परत आले तर कोर्टाच्या कँटीनमध्ये बाब मिरचीभजी खात बसलेले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली होतीच.

"ते दार बंद झालं गो," ते म्हणाले. "दिवाणी कोर्टाचं कुणी बंद केलेलं नाही. आणि भरपाई घेऊन वत्सला काय करणार? तिला टेम्पो हवा दारात."

मी तणतणत निघाले. पण घरी येऊन पुस्तकं उघडली. खरंच की. पैसे मागण्याआधी डिचोलीच्याच कोर्टात अर्ज करता येतो, की तडजोडीवर अशिलाची सही नाही, संमती नाही, सबब तो निकाल रद्द करून दावा पुन्हा चालवावा. वाट परत मिळायचा तोच एक मार्ग आहे. मला हे सुचलं याचा मला फार आनंद झाला.

१८ फेब्रुवारी

अर्ज टाकला, आणि बाबांवर नुकसानभरपाईचा दावाही. एकच अडचण आहे. वत्सलाबाईंना विचारलं नव्हतं हे फक्त दोघांना माहीत, त्या आणि बाब. वकीलपत्रात तडजोडीचा अधिकार छापलेला असतोच. उद्या बाब म्हणाले, की बाईंनी मागून मान हलवली होती, तर त्यांची सनद वाचते आणि बाईंची वाट कायमची जाते. कोण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेईल?

२ मार्च

रविवार. लाटंबार्शाला जाऊन वाट पाहिली. काजूला मोहोर, खाली पडलेली बोंडं, आणि मध्ये ते हिरवं रंगवलेलं गेट. गेटच्या पलीकडे वाटेच्या दोन्ही अंगांना काजूची जुनी खुटं आहेत, वाट रुंद करताना कापलेली. मी फोटो काढले. वाट होती याला पुरावा चांगला आहे.

"झाडां कापूक चंद्रावतीच हुबी होती," वत्सलाबाई म्हणाल्या. "कोयतो पण तिनाच दिल्यान."

मला म्हातारीत रस नव्हता. मी विचारलं, मळीक तेव्हा कुठे होते?

"ते बार्जीर. म्हयन्यातसून कधी घराक येयत. घरचा, बागेचा सगळा तीच बगी."

म्हणजे पंचाईतच. खनिज वाहणाऱ्या बोटीवर, बार्जीवर, असणाऱ्या माणसाला मधुकरने गाठलं तरी कधी? एखाद्या सुट्टीत मळीक घरी आले असतील, तेव्हाच शब्द दिला असणार. तेव्हाचा कुणी साक्षीदार मिळाला पाहिजे. बाईंना खोदून खोदून विचारलं, "मळीकांनी नक्की काय शब्द वापरले?" त्या गोंधळल्या. "मळीकांनी? ता माका काय ठावक?" म्हणाल्या आणि भाताकडे बघायला गेल्या. साधी बाई आहे, तिला काय सुचणार.

जेवायला वाढलं ते मात्र असं, की हा धंदा बंद पडू देणं पाप होईल.

१६ मार्च

शिगम्याला लाटंबार्शात गेले होते. ढोल-ताशांत कान किटले. सातेरीच्या देवळात सगळा गाव होता, आणि चंद्रावतीबाई एकट्या बाहेर, पायरीच्या खाली उभ्या. पुजाऱ्याने हाक मारली तरी आत गेल्या नाहीत, बाहेरूनच हात जोडले. खोटी शपथ घेतली की असंच होत असेल. मला त्यांची दया आली नाही. देवापुढे खोटं बोलायचं आणि मग देवाला घाबरायचं, हा काय प्रकार?

२१ मार्च

आमच्या वकील संघाच्या अध्यक्षांनी चेंबरमध्ये बोलावलं. फार गोड बोलले. मुली, तू हुशार आहेस, पण हा दावा मागे घे. मांद्रेकरबाबांना आम्ही सांगितलंय, जबाबात लिहा, की कोर्टात उभं राहून वकील जो निर्णय घेतो त्यावर त्याला जाब विचारता येत नाही. लागलं तर आम्ही वरपर्यंत लढू. "समजा, प्रत्येक हरलेला अशील वकिलावर धावला, तर कोर्टात एक प्रश्न सोडायची कुणाची छाती होईल? आपली बाजू लंगडी आहे हे न्यायाधीशाला खरं सांगायची कुणाची छाती होईल? वकिलाला दोन धनी असतात, अशील आणि कोर्ट."

मी म्हटलं, दोन धनी असणारा नोकर दोघांनाही जाब देतो. ते हसले नाहीत.

पण लिहिते ते खरं लिहायला हवं. आज दुपारीच एका मारामारीच्या खटल्यात मी साक्षीदाराला नको नको ते प्रश्न विचारत बसले. शर्टाचा रंग, चपलेचा रंग. न्यायाधीशांनी घड्याळाकडे बघितलं, तरी मी थांबले नाही. एकच धास्ती होती, उद्या माझा अशील म्हणेल, हे विचारलं नाही, ते विचारलं नाही. अध्यक्ष म्हणतात तसंच मी वागत होते. त्याचा राग आला, तो अध्यक्षांवर काढावा की स्वतःवर ते कळलं नाही.

२९ मार्च

तेरेखोलला एका हॉटेलवाल्याचं काम होतं. केरीच्या फेरीबोटीत बाब भेटले. बहिणीकडे चालले होते, हातात पिशवी, पिशवीतून माशाची शेपटी बाहेर.

मी आज सरळच विचारलं. का केलंत? चाळीस वर्षं वकिली केलेल्या माणसाने नारळावर केस का सोडली?

ते पाण्याकडे बघत म्हणाले, "चंद्रावती देवापुढे खोटं बोलणार नाही, ही खात्री होती. अजून आहे."

"म्हणजे वत्सलाबाई खोटं बोलतात?"

"असं कुठे म्हटलं मी?" मग एकदम, "मळीक बार्जीर आशिल्लो न्ही? घरा कितलो आसतालो गो?"

कुठला विषय कुठे नेतात! मी म्हटलं, क्वचितच असायचा, पण त्याचं काय? त्यांनी माशाची शेपटी पिशवीत ढकलली.

"आता तू माझ्या विरुद्ध उभी आहेस. मी तुला सल्ला दिला तर तुझ्याही सनदेचं बरं नाही आणि माझ्याही. कोर्टात विचार. मी सांगेन."

मग मी अध्यक्षांच्या जबाबाबद्दल विचारलं. त्यांनी तो परत पाठवलाय म्हणाले. "अशिलाने विश्वासाने मान आपल्या हातात दिलेली असते. आणि आपण म्हणायचं, सुरी लागली तर विचारू नकोस? मग भटजी बरा, तो निदान दक्षिणा घेऊन गप्प बसतो." पलीकडे उतरताना मला माझ्या छत्रीची आठवण करून दिली. आईला सांगितलं तर म्हणाली, "तुझा दुश्मन मला आवडला." मलाही आवडतो आहे, हीच तर अडचण.

२३ एप्रिल

उद्या अर्जाची सुनावणी. गौरेशच्या वकिलाने मांद्रेकरबाबांनाच साक्षीला बोलावलंय. त्याचा हिशेब सरळ आहे. बाब स्वतःला वाचवायला 'बाईंची संमती होती' म्हणतील, की त्यांचा निकाल पक्का. जेवण सोडून फाईल पुन्हा वाचत बसले. संध्याकाळी वत्सलाबाईंचा फोन आला, "वकीलबाय, सोलकढी धाडू?" आपलं घर टांगणीला असताना ही बाई मला सोलकढी पाठवते.

२४ एप्रिल

सगळं नीट, क्रमाने लिहायचं आहे. आधी घटाघटा पाणी प्यायले.

कोर्ट गच्च भरलं होतं. वकिलावरचा दावा म्हटल्यावर पेडण्याचेही वकील बघायला आलेले. वत्सलाबाई माझ्या मागच्या बाकावर. पलीकडे गौरेश, आणि शेवटच्या बाकावर चंद्रावतीबाई, पदर डोक्यावर.

बाब पिंजऱ्यात चढले. तो दोरीवरचा कोट आज अंगावर होता. एरवी याच कोर्टात ते दुसऱ्या बाजूला उभे असतात. गौरेशच्या वकिलाने अगदी आदराने विचारलं, "आपण हा प्रस्ताव ठेवलात तेव्हा अशील कोर्टात हजर होती आणि तिने हरकत घेतली नाही, बरोबर?"

"हजर होती. हरकत कशी घेईल? मी तिला विचारलंच नव्हतं."

"पण तिची संमती..."

"नव्हती. मी घेतली नाही. मला वाटलं मला कळतं."

मागे कुजबुज झाली. अध्यक्ष उठून बाहेर गेले. गौरेशचा वकील बसला. मला हवं होतं ते सगळं, समोरच्याच साक्षीदाराच्या तोंडून, फुकट मिळालं होतं. अशा वेळी वकिलाने 'विचारायचं नाही' म्हणून गप्प बसायचं असतं, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही शिकवतात. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न उलटतपासणीत विचारायचा नसतो.

मी उठले. का उठले ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या माणसाने सगळ्यांसमोर स्वतःची चाळीस वर्षं उघडी केली होती आणि मी फायद्याचं घेऊन बसून जायचं, हे मला बघवेना. फेरीबोटीतलं 'कोर्टात विचार' हेही डोक्यात होतं. मी म्हटलं, "मांद्रेकरबाब, तुमच्या मते या केसमध्ये तुमची चूक नक्की कोणती?"

न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. गौरेशच्या वकिलाचा चेहरा उजळला. बाब म्हणू शकले असते, चूक एवढीच की लंगडी केस घेतली. म्हणू शकले असते, विचारलं असतं तरी बाई हो म्हणाली असती. तेवढ्यावर सगळं फिरलं असतं.

बाब म्हणाले, "दोन. अशिलाला विचारलं नाही ही पहिली. दुसरी जास्त लाजिरवाणी. मी चंद्रावतीबायना विचारलं, तुमच्या नवऱ्याने वाट दिली का. गोव्यात लग्न झालं की निम्मी जमीन बायकोची, हे मी जन्मभर कोर्टात सांगत आलो. नवरा बार्जीवर. घर आणि बाग ती बघायची. आणि मी देवापुढे तिला फक्त नवऱ्याचं विचारलं. तिने खरं तेच सांगितलं. तिचं स्वतःचं तिला कुणी विचारलंच नाही."

कोयता, खुटं, बार्ज, सगळं मला सांगितलेलं होतं, आणि मी त्या सुट्टीवर आलेल्या मळीकाला शोधत हिंडत होते.

तेवढ्यात मागून आवाज आला. चंद्रावतीबाई उभ्या होत्या.

"वाट हांवें दिल्ली. म्हजीं झाडां कापून दिल्ली. देवळांत म्हाका कोणें विचारलेंच ना." वाट त्यांनी स्वतः दिली होती, आपली झाडं कापून.

"आवय, बस!" गौरेश ओरडला.

"बसतां," त्या म्हणाल्या, "पूण आदीं सायबाक बरोवंक दी." आधी साहेबांना लिहू दे, म्हणाल्या, आणि ते लिहून होईपर्यंत खरंच बसल्या नाहीत.

गौरेशच्या वकिलाने हरकत घेतली, न्यायाधीशांनी ती नोंदवली आणि बाईंचं बोलणंही नोंदवलं. अर्ज निकालासाठी ठेवला. बाहेर आल्यावर मी पायरीवरच बसले. वत्सलाबाईंनी पाठीवर हात फिरवला.

२५ एप्रिल

झोप नाही. आनंदाने नव्हे. काल मी जे केलं ते काय होतं? जिंकलेली बाजी मी एका प्रश्नावर पुन्हा पणाला लावली. बाईंना विचारलं होतं? त्या हातभर अंतरावर बसल्या होत्या. मान मागे वळवायला कितीसा वेळ लागतो? नाही विचारलं. मला वाटलं मला कळतं. हे त्यांचेच शब्द!

उठून पेडण्याला गेले. बाब पेटी वाजवत होते, ती पट्टी अजून अडकतेच आहे. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "बाब, अध्यक्ष बरोबर बोलतात असं वाटायला लागलंय. कोर्टात उभ्या माणसाला त्या क्षणी सुचेल ते करावं लागतं. त्यावर मागाहून दावे लावले तर कुणी धाडस करणार नाही. तुमच्यावरचा भरपाईचा दावा आपण काढून टाकू."

ते वाजवायचे थांबले.

"तू जिंकलीस म्हणून तुला कुणी विचारणार नाही. मी हरलो म्हणून मला विचारलं. केलं दोघांनीही एकच. मग मला सोडून देणं हा न्याय, की तुलाही विचारणं?" मग हसले. "धाडस कर गो. वकिलाने धाडस केलंच पाहिजे. फक्त दुसऱ्याच्या घरावर करायचं असेल तर आधी घरवाल्याला विचार. आणि चुकलं तर पाठीला कोट आहे म्हणून लपू नको. आणि दावा काढायचा की नाही हे परत तूच ठरवायला लागलीस? वत्सलाला विचारलंस?"

नाही विचारलं. सुधारायला मला वेळ लागणार आहे. या माणसाला हरवायला मी निघाले होते. आता वाटतं, म्हातारपणी यांच्या निम्म्याएवढी सरळ उभी राहिले तरी पुष्कळ.

२ मे

निकाल आला. जुना हुकूम रद्द, वत्सलाबाईंचा दावा नव्याने चालणार, आणि दोन्ही बाजूंनी समझोत्याचा विचार करावा अशी सूचना. समझोता तिथे आधीच झालाय. परवा सकाळी चंद्रावतीबाई गेटपाशी खुर्ची टाकून बसल्या. जमीन विकायची म्हणून गौरेशने दिल्लीची पार्टी बोलावली होती, तिला त्या कोकणीत काय बोलल्या ते पार्टीला कळलं नाही, पण पार्टी गेली. संध्याकाळी गौरेशने कुलूप काढलं. नंतर त्या देवळात आत जाऊन आल्या, असं वत्सलाबाईंनी सांगितलं. शिगम्याच्या पानावर मी त्यांच्याबद्दल जे लिहिलंय ते फाडायचा मोह झाला. राहू दे.

४ मे

या वेळी विचारलं. लाटंबार्शाला जाऊन, मोरीपाशी भांडी घासत बसलेल्या वत्सलाबाईंना. बाबांवरच्या दाव्याचं काय करू?

त्यांनी बराच वेळ एकच टोप घासला.

"दावो मागे घेव नकात. तेंची चूक झाली ती कागदार ऱ्हवांदे. भरपाई-बिरपाई माका नको, कोर्टान चूक म्हटलां की झालां. माझ्यासारख्या दुसऱ्या बायलेक उद्या उपयोगी पडात." मग हात धुऊन म्हणाल्या, "आणि आयतवारी तेंका जेवक बोलवा."

बाबांना फोन केला. दाव्याचं सांगितलं तर म्हणाले, "शाबास." जेवणाचं सांगितलं तर म्हणाले, "सुंगटां करतली?" कोळंबीच्या आमटीवर त्यांचा जीव.

११ मे

मांद्रेकरबाबांची जुनी मारुती काजूच्या बागेतून, उघड्या गेटातून, थेट वत्सलाबाईंच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्यामागे डब्यांचा टेम्पो. चंद्रावतीबाई आपल्या अंगणात बोंडं निवडत होत्या, त्यांनी हात वर केला.

पानावर सुंगटांचं हुमण, भात, सोलकढी. जेवता जेवता बाब म्हणाले, "वत्सले, एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी कोर्टात मी तुला विचारलं असतं, देवळातली शपथ चालेल का, तर तू काय म्हटलं असतंस?"

"हय म्हटलां असतां," बाई हुमणाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. "चंद्रावती खोटा बोलाची नाय, ता माका ठावक होतां."

मी बाबांकडे बघितलं. म्हणजे विचारलं असतं तरी तेच झालं असतं! त्यांच्या चेहऱ्यावरही क्षणभर तसंच काही आलं.

"पण मी सांगलां असतां," वत्सलाबाई पुढे म्हणाल्या, "तिच्या घोवाचा कशाक इचारतात? तेणी वाट दिल्लीच नाय. तिनाच दिल्यान. तिचाच इचारा."

बाबांचा हात पानावरच राहिला. मी म्हटलं, "वत्सलाबाई, हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? बाबांना का नाही?"

"आमच्या थंय जमीन घोवाच्या नावार. बायलेन दिल्ल्या वाटेक कोर्टात किंमत नसतली, असा वाटलां. आणि तुमी दोगांयनी मळीकाचाच इचारल्यात." त्या वाकल्या आणि बाबांच्या पानात हुमण वाढलं. "झाडां कोणी कापली ता मी तुमका सांगलंय की, वकीलबाय. जेवा, थंड होता."

आम्ही दोघे वकील खाली मान घालून जेवलो. बाबांनी भात परत मागून घेतला.